मी एकशे चौदा नव्हे

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे. वय वर्षं छत्तीस. मी शर्यत जिंकलेली नाही, की कुणा मोठ्या माणसाला मिरवलेलं नाही. माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं घडलं ते एवढंच, की एके दिवशी एक बाई लोहचुंबक, बॅटरी आणि काठीला बांधलेला आरसा घेऊन आल्या आणि मी कोण आहे ते त्यांनी शोधून काढलं. मला ते आधीपासून माहीत होतं. पण गाडीला कोण विचारतो?

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझा रंग राखाडी होता. त्या वर्षी आमच्या कारखान्याच्या एका गाडीने डोंगरातली मोठी शर्यत जिंकली होती. त्या आनंदात मालकांनी अडीचशे खास गाड्या काढल्या. स्पेशल एडिशन. सांगाडा माझ्यासारखाच, पण रंग गर्द हिरवा, इंजिन जोरकस, बॉनेट अॅल्युमिनियमचं. वजन वाचावं म्हणून त्यांना रेडिओ दिला नव्हता, त्यामुळे छतावर एरिअलचं भोकही नव्हतं. डॅशबोर्डवर एक पितळी पट्टी असे आणि तिच्यावर अडीचशेंपैकी ही कितवी, ते कोरलेलं असे. त्या खास गाड्या शेजारच्या रांगेतून पुढे सरकत, तेव्हा कामगार हातातलं काम थांबवून बघत राहायचे. आमच्या रांगेकडे कोणी बघत नसे. आमच्यावर फक्त काम करत.

मला पहिल्यांदा विकत घेतलं ते गुरांच्या एका डॉक्टरीणबाईंनी. पाच वर्षं मी त्यांच्याकडे होते. माझ्या मागच्या सीटवर औषधांच्या पेट्या, दोरखंड, दोनदा शेळी आणि एकदा पाय मोडलेलं वासरू बसलं. बाई लोकांना सांगायच्या, "दिसायला काही नाही, पण हाक मारली की उठते." माझ्या वाट्याला आलेली ही पहिली शाबासकी. पुढे त्यांना मोठी गाडी लागली आणि त्यांनी मला एका वर्कशॉपवाल्याला देऊन टाकलं.

हा वर्कशॉपवाला पत्र्याच्या कामात नावाजलेला होता. चेपलेलं दार असं काढायचा की दाराला स्वतःलाच आठवू नये कुठे लागलं होतं. त्याला सगळे 'धाकटा' म्हणत, कारण त्याचा थोरला भाऊ शहरात सर्वांना ठाऊक होता. तो थोरला म्हणजे 'मास्तर'. ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर. त्याच्या शेजारी बसून, त्याच्या शिव्या खाऊन अर्धं शहर गाडी शिकलं होतं.

दोघा भावांत अकरा वर्षांचं अंतर. वडील गेले तेव्हा मास्तर सोळा वर्षांचा होता आणि धाकटा पाचांचा. मास्तरने शाळा सोडली, ट्रकवर क्लीनर म्हणून लागला आणि धाकट्याला वाढवलं. त्याला हातातलं काम शिकवलं, वर्कशॉप उघडून दिलं. याबद्दल मास्तर कधी बोलत नसे. धाकटाही बोलत नसे. पण मास्तरची गाडी वर्कशॉपच्या दारात आली, की धाकटा हातातला हातोडा खाली ठेवून उभा राहत असे, ते मी पाहिलेलं आहे.

मास्तरचं एक वेड होतं. त्याला ती हिरवी स्पेशल हवी होती. मी वर्कशॉपमध्ये आले त्याच सुमारास त्याला एक मिळाली. कुणीतरी ती दरीच्या कठड्यावर आदळली होती, म्हणून ती त्याच्या आवाक्यात आली. पितळी पट्टीवर एकशे चौदा लिहिलेलं होतं. मास्तरने ती ओढून आणली, भावाच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, "कर बाबा हिला उभी. तुझ्याशिवाय कुणाला जमायचं नाही."

आम्ही दोघी महिनाभर शेजारीशेजारी उभ्या होतो. धाकट्याने तिला साखळदंडांनी ताणली, दोऱ्या लावून मापं घेतली, परत ताणली. बाहेरून ती सरळ झाली, पण तिचा कणा सरळ होईना. एकीकडचं माप जुळलं की दुसरीकडचं जाई. चालवून पाहिली तर ती डावीकडे ओढायची आणि ब्रेक लावला की शेपूट फिरवायची. मास्तर दर आठवड्याला येऊन विचारायचा, "झाली का रे?" धाकटा म्हणायचा, "होतेय, दादा." मग मास्तर तिच्या पट्टीवरून अंगठा फिरवायचा आणि निघून जायचा.

एका संध्याकाळी धाकटा रंगाच्या उपड्या डब्यावर बसला. तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी पाच वर्षांत कुठे धडकले नव्हते.

पुढचे दोन महिने त्याने मास्तरला वर्कशॉपमध्ये येऊ दिलं नाही. "तयार झाल्यावर बघ," म्हणाला. तिचं इंजिन माझ्यात आलं. तिच्या सीटा, तिचं बॉनेट, तिचे दिवे. माझ्या छतावरचं एरिअलचं भोक त्याने शिसं ओतून बुजवलं. मला हिरवा रंग दिला. एवढ्यावर थांबला असता तर ती निव्वळ माया म्हणता आली असती. पण गाडीचा खरा नंबर सांगाड्यावर ठोकलेला असतो, पुढच्या सीटच्या पायाशी, गालिच्याखाली. कागदांवरही तोच असतो. त्याने तिच्या नंबराचा पत्र्याचा तुकडा कापला, माझा कापून काढला आणि माझ्या जागी तिचा बसवला. सांधा घासून गुळगुळीत केला. मग पितळी पट्टी लावली. तिचा सांगाडा त्याने स्वतःच्या हाताने तुकडे करून भंगारात दिला आणि कचेरीत कळवलं, की राखाडी गाडी मोडीत निघाली.

मास्तर न्यायला आला. बसला, चावी फिरवली, इंजिनाचा आवाज ऐकला. शेवटी भावाला म्हणाला, "तुझ्या हाताला सोन्याने मढवायला हवं रे."

धाकटा म्हणाला, "ब्रेकला थोडी सांभाळून घे, नवे आहेत."

एकतीस वर्षं मी मास्तरकडे राहिले. मान भरपूर मिळाला. घराशेजारी माझ्यासाठी पत्र्याची शेड होती, जमिनीवर रबर अंथरलेलं होतं. मास्तर मला रोज पुसायचा. मास्तरची बायको, जिला धाकट्यामुळे सगळेच वहिनी म्हणत, शेडच्या दारातून म्हणायची, "आपल्या लग्नाचा फोटो वर्षातून एकदा पुसता. हिला मात्र रोज आंघोळ!" मास्तर म्हणायचा, "फोटो कुठे बाहेर जातो?"

मला चालवायचं फक्त मास्तरने. दुसऱ्या कुणाचा हात स्टिअरिंगला लागलेला त्याला खपत नसे. कुणी पाहुणा आला की त्याला आधी पट्टी दाखवायची आणि मगच खुर्ची द्यायची. "अडीचशेंपैकी एकशे चौदावी," तो सांगायचा. "यातल्या चाळीसही आता राहिल्या नसतील." धाकटा त्या वेळी हजर असला, तर त्याला नेमकं पाणी प्यायला जायचं असे.

मला या सगळ्याचं काय वाटत होतं, असं तुम्ही विचाराल. खरं सांगायचं तर फारसं काही नाही. पेट्रोल मिळत होतं, तेल वेळेवर बदललं जात होतं. दुसरीच्या नावाने हाक मारली तरी मी उठत होते.

मग मास्तरचे डोळे गेले. म्हणजे सगळे नाही. मधोमध काळा डाग आला आणि कडेचं तेवढं दिसायचं राहिलं. तुमच्याकडे बघायचं असेल तर तो तुमच्या कानाकडे बघायचा. त्याने स्वतः जाऊन लायसन परत केलं. पुढे सहा महिने मी शेडमध्ये उभी राहिले. तो दर दोन दिवसांनी येऊन इंजिन चालू करायचा आणि बाहेर स्टुलावर बसून ऐकायचा. एक दिवस वहिनीला म्हणाला, "विकून टाकतो. उभी राहून ही कुजेल. चालवणाऱ्याच्या हाती जायला हवी."

गिऱ्हाईक लगेच मिळालं. एक दातांचे डॉक्टर होते. मऊ बोलणारे. माझ्या बंपरकडे त्यांनी असं वाकून पाहिलं की मला वाटलं, आता 'आ करा' म्हणतात. गाडी त्यांना फार आवडली. फक्त एक अट होती. या स्पेशल गाड्यांच्या मालकांचं एक मंडळ आहे. कुठला नंबर कुठे आहे, याचं रजिस्टर ते ठेवतात. त्यांच्या तपासनीसबाई येऊन गाडी पाहतील आणि ही खरी आहे असा दाखला देतील, मग व्यवहार.

"माझा तुमच्यावर विश्वास आहे हो," दातांचे डॉक्टर म्हणाले, "पण कागद असलेला बरा."

"बोलवा की!" मास्तर म्हणाला. "मीच म्हणणार होतो."

धाकट्याला हे कळलं तसा तो सायकल हाणत आला. मास्तर शेडमध्येच होता.

"दादा, विकू नकोस. मी ठेवतो माझ्याकडे."

"तू काय करणार हिचं? तुला तर ती कधी आवडली नाही."

"कोण म्हणालं?"

"एकतीस वर्षांत एकदा तरी बसलास का हिच्यात?"

तो माझ्या चाकाजवळ वाकून उगाच हवा बघत बसला.

ठरल्या दिवशी सकाळी तपासनीसबाई आल्या. साठी ओलांडलेल्या, केस बारीक कापलेले, गुडघ्यांना पट्टे. बावीस वर्षं आमच्याच कारखान्यात तपासणी खात्यात होत्या. त्यांनी रबरी चटई अंथरली, चुंबक फडक्यात गुंडाळला आणि कामाला लागल्या. मास्तर स्टुलावर बसून एकेक गोष्ट सांगत होता, शर्यतीची, पट्टीची, दरीच्या कठड्याची. बाईंनी पाच मिनिटं ऐकून घेतलं.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "मला ऐकू यायला लागलं की दिसत नाही."

मास्तर हसला आणि गप्प झाला. धाकटा शेडच्या दारात उभा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण कुणी 'जा'ही म्हणालं नाही.

पहिले दोन तास सगळं नीट गेलं. बॉनेटला चुंबक चिकटला नाही, म्हणजे अॅल्युमिनियम. बरोबर. इंजिनाचा नंबर बरोबर. सीटांची शिवण बरोबर. पट्टी तर त्यांनी भिंगातून पाहिली आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा सैल झाला. "ही आमच्याच कोरणाऱ्याची," त्या म्हणाल्या. "त्याचा चार असाच वाकडा असायचा."

"मी म्हटलं नव्हतं?" मास्तर म्हणाला. "तुम्हाला हिच्यात काही सापडायचं नाही, बाई."

मग त्या छतावरून चुंबक फिरवू लागल्या. एका ठिकाणी, नाण्याएवढ्या जागेवर, चुंबकाची पकड सुटली. त्यांनी हात मागे घेतला, पुन्हा नेला. पुन्हा सुटली. आतल्या दिव्याची काच काढून त्यांनी फटीतून आरसा सरकवला आणि बराच वेळ वर बघत राहिल्या. पुढची सीट मागे ढकलली, गालिचा उचलला, नंबर पाहिला. मग चटईवर उताण्या होऊन माझ्या खाली शिरल्या आणि त्याच जागेवर खालून बॅटरी मारली. वरून धाकट्याने सांधा पुसून टाकला होता. खालून त्यावर रंगाचा थर दिला होता. पण जुन्या रंगाला तडे जातात. तिथे चौकोनी रेष दिसत होती.

बाई बाहेर आल्या आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"चहा टाकलास का गं?" मास्तरने घराकडे तोंड करून विचारलं. "आणि मी फाईल आणतो बाई, जुने फोटो आहेत. इथल्या इथे बघा." भिंतीला हात लावत तो आत गेला.

शेडमध्ये बाई, धाकटा आणि मी एवढेच राहिलो.

"ही जोड तुमची?" बाईंनी विचारलं.

"हो."

"सुरेख आहे. उगाच नाही मला दोन तास लागले."

धाकटा म्हणाला, "बाई, हात जोडतो. डॉक्टरांना काय सांगायचं ते सांगा. सौदा मोडू दे. कागदावर हवं ते लिहा. पण दादाला सांगू नका. त्या गाडीचा कणा मोडला होता, बाई. मला सरळ करता आला नाही. तो तिच्यात बसून डोंगरात गेला असता तर घरी आला नसता."

"मग तसं सांगायचं होतं."

"त्याने सोळाव्या वर्षी शाळा सोडली माझ्यापायी. आयुष्यात एक गोष्ट मागितली. ती मला जमली नाही, हे कुठल्या तोंडाने सांगू?"

बाई जरा वेळ चुंबकाचं फडकं सोडत राहिल्या.

"मला कागदावर एक ओळ लिहायची असते," त्या म्हणाल्या. "ती बदलता येत नाही. पण ती मास्तरांना आधी कोणी सांगायची, हे माझ्या कागदात लिहिलेलं नसतं. मी चहा सावकाश पिते."

वहिनी चहा घेऊन आली. मागून मास्तर फाईल घेऊन आला. बाई कप घेऊन शेडच्या बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या आणि पाठ करून रस्त्याकडे बघू लागल्या.

धाकट्याने सांगितलं. फार वेळ लागला नाही. एकतीस वर्षं सांभाळलेली गोष्ट पाच-सहा वाक्यांत संपली. वहिनीच्या हातातला ट्रे तसाच राहिला.

मास्तरने फाईल स्टुलावर ठेवली. मग म्हणाला, "कुठे?"

"काय?"

"सांधा कुठेय?"

धाकट्याने त्याचा हात धरून त्याला माझ्या दारापाशी जमिनीवर बसवलं आणि त्याची बोटं माझ्या पोटाखालून त्या रेषेवर ठेवली. मास्तरने चौकोनाच्या चारही बाजू बोटाने चाचपल्या. एकदा, मग पुन्हा उलट बाजूने.

"आणि खरी?"

"भंगारात दिली. तेव्हाच."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू दर आठवड्याला येऊन विचारायचास, झाली का म्हणून."

"झाली का विचारत होतो. ही तीच का, असं विचारलं असतं तर?"

"तर सांगितलं असतं."

"खोटं बोलतोयस."

"हो," धाकटा म्हणाला.

मास्तर उभा राहिला. हाताची बोटं त्याने पँटला पुसली, जरी त्यांना काही लागलं नव्हतं. "तिचा नंबर हिच्यावर नको," तो म्हणाला. "ज्या हाताने बसवलंस त्याच हाताने काढ. त्यानंतर मला तोंड दाखवू नकोस."

दुपारी दातांचे डॉक्टर आले. सांगायचं काम मास्तरने दुसऱ्या कुणावर टाकलं नाही. डॉक्टर सगळं ऐकून माझ्याभोवती एक फेरी मारून आले.

"पण दिसायला तर तीच आहे," ते म्हणाले. "इंजिन तिचं. पट्टी तिची. मास्तर, दाखल्याचं राहू द्या. पट्टी तेवढी जागेवर असू द्या. मी कुणाला काही बोलणार नाही."

वहिनीने मास्तरकडे पाहिलं. घरात पैशांचा पूर आलेला नव्हता, हे तिच्याइतकं कुणाला माहीत?

"एकतीस वर्षं मी खोटं सांगत आलो, डॉक्टर," मास्तर म्हणाला, "पण मला ते माहीत नव्हतं. आता माहीत असून सांगायचं म्हणजे तो वेगळा धंदा झाला. त्यासाठी मी म्हातारा आहे."

डॉक्टर गेले. जाताना त्यांनी बॉनेटवर हात फिरवला, जसा माणूस न घेतलेल्या वस्तूवर फिरवतो.

बाईंनी रजिस्टरसाठी ओळ लिहिली आणि वाचून दाखवली: 'एकशे चौदा. गाडी अस्तित्वात नाही. काही भाग दुसऱ्या गाडीवर आहेत.' मास्तरने स्क्रू काढायचा पेचकस मागितला, चाचपत पितळी पट्टीचे चारही स्क्रू काढले आणि पट्टी त्यांच्या हातात दिली.

"ही तुमची आहे," बाई म्हणाल्या. "ठेवली तरी चालेल."

"तिला दुसरं कुणी नाही," मास्तर म्हणाला. "रजिस्टरातच ठेवा."

चार दिवसांनी धाकटा अवजारं घेऊन आला. सोबत फडक्यात बांधलेला पत्र्याचा एक तुकडा होता. माझा नंबर. एकतीस वर्षं त्याने तो टाकला नव्हता. वर्कशॉपच्या मोरीत, साबणाच्या डब्याखाली ठेवलेला होता. रोज हात धुताना दिसेल असा. त्याने एकशे चौदाचा तुकडा कापून काढला आणि माझा जागेवर बसवला. त्याचे हात आता पूर्वीसारखे राहिले नव्हते. सांधा जाडाभरडा झाला. मास्तर स्टुलावर बसून शेवटपर्यंत ऐकत होता. माझा नंबर लांबलचक आहे आणि कुणाला पाठ नाही, मलाही नव्हता.

कागद सरळ करायला कचेरीत चार खेपा झाल्या. दोघा भावांच्या सह्या लागत होत्या. वहिनी सांगते की दोघे एकाच बाकावर बसायचे, मध्ये फाईल ठेवून, आणि नाव पुकारलं की दोघे एकदम उठायचे. दंड झाला तो धाकट्याने भरला. मग तोही संबंध संपला.

त्यानंतर माझा पडता काळ आला. मास्तरने शेडमध्ये येणं सोडलं. चाकांतली हवा गेली. बॅटरी उतरली. समोरच्या काचेवर धूळ बसली आणि धुळीवर मांजराची पावलं उमटली. पाहुणे आले की त्यांना थेट खुर्ची मिळू लागली.

असे तीन महिने गेल्यावर एका सकाळी शेडच्या दारातच नवरा-बायकोचं वाजलं. वहिनीला आत ठेवलेली शिडी हवी होती आणि माझ्यामुळे ती निघत नव्हती.

"भंगारवाल्याला बोलाव," मास्तर म्हणाला. "खोटी ती खोटी."

"खोटी?" वहिनी म्हणाली. "घाटात तो ट्रक मागून आदळलेला आठवतोय? तीन गिरक्या खाल्ल्या आपण. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा दार हाताने उघडलं, लग्नाला आल्यासारखी साडी सावरून मी खाली उतरले. तुमची ती खरी असती, मोडक्या कण्याची, तर आज आपले हार घातलेले फोटो असते भिंतीवर. तेही वर्षातून एकदा पुसलेले."

त्या गिरक्या मलाही आठवतात. तिसरीनंतर मास्तरने ब्रेक धरला तेव्हा मी सरळ थांबले होते.

"आता ही साधी गाडी ना?" वहिनी म्हणाली. "ओरखडा पडला तर पडला. मग मला शिकवा."

"तुला?"

"अर्ध्या शहराला शिकवलंत. उरलेल्या अर्ध्यात मी आहे."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सर्वांत खडतर काळ विचाराल, तर तो घाटातला नाही. वहिनी गाडी शिकली तो. अडुसष्टाव्या वर्षी. मास्तर बाजूच्या सीटवर बसायचा. त्याला रस्ता दिसत नव्हता, पण इंजिन ऐकू येत होतं. "गिअर! गिअर! ती ओरडतेय, ऐकू येत नाही?" वहिनी म्हणायची, "ती नाही, तुम्ही ओरडताय." मी चौकात बंद पडले. फाटकाचा खांब मला दोनदा लागला. मंडईत नेलं आणि डिकीत भाज्यांच्या पिशव्या उलटल्या. डॉक्टरीणबाईंनंतर मला असं कुणी वापरलं नव्हतं. मास्तर पुन्हा तेल बघू लागला, बोट बुडवून, वासावरून. सहा महिन्यांनी वहिनीला लायसन मिळालं. परीक्षा घेणारा मास्तरचाच शिष्य होता. तिने त्याला आधीच बजावलं होतं, "सूट देशील तर घरी येऊन तुझ्या बायकोला सांगेन."

पहिल्यांदा ती मला एकटीने घेऊन निघाली, तेव्हा मला वाटलं मंडईत जाईल. ती वर्कशॉपपाशी थांबली आणि हॉर्न वाजवला. धाकटा हात पुसत बाहेर आला. आधी त्याने मला पाहिलं, मग चालवणारीला.

"वहिनी! तुम्ही?"

"बसा, भावजी. ह्यांनी बोलावलंय."

"दादाने? खरंच बोलावलंय?"

"गाडी मी चालवतेय. चालवणाऱ्याशी गप्पा मारू नयेत."

तो बसला. एकतीस वर्षांत, नाही, आता बत्तिसाव्यात, पहिल्यांदा. पाय कुठे ठेवावेत ते त्याला सुचेना. गालिच्याखालच्या त्या जागेवर तो पाय ठेवत नव्हता.

मास्तर ओट्यावर होता. आम्ही थांबलो. एक दार वाजलं, मग दुसरं वाजलं. त्याने मान तिरकी केली आणि डोळ्याच्या कडेने बघत राहिला. धाकटा फाटकापाशीच उभा राहिला. वहिनी भाजीची पिशवी घेऊन आत गेली. पिशवी रिकामी होती, पण बाईला हातात काहीतरी घेऊन जावं लागतं.

धाकट्याने फाटकाची कडी लावली, पुन्हा काढली.

"ती उतारावर क्लच दाबून धरते," शेवटी मास्तर म्हणाला. "घासायला लागलाय. मला वास येतो."

"बघतो," धाकटा म्हणाला.

"आत्ता गरम असेल. चहा होईपर्यंत बस."

तो बसला. ओट्यावर, एका हाताच्या अंतरावर.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कधीतरी जुनी गाडी घ्यायला जाल. जाल तेव्हा चुंबक घेऊन जा, खाली वाकून बघा, आणि ज्याला कळतं त्याला सोबत न्या. कुणी तुमच्यासाठी काही दुरुस्त करून दिलं, तर त्याला विचारा, काय काय बदललंस? विचाराल ते अशा आवाजात विचारा, की त्याला खरं सांगता येईल. दर पंधरा दिवसांनी चाकांतली हवा तपासा. आणि गाडी कुठलीही असो, तिला वरचेवर बाहेर काढत जा. उभ्या उभ्या आम्ही लवकर जातो.